शेठच्या गालावरचे ठिपके

१ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा आले! शेठच्या गालांवर, कल्ल्यांच्या झाकणांवर, पांढरे ठिपके. मिठाचे कण चिकटल्यासारखे. गेल्या वर्षी याच सुमाराला आले होते, त्याच्या आदल्या वर्षीही. हा गोल्डफिश माझ्या जिवावर उठलाय.

ठमी सकाळी आली, संध्याकाळी गेली. दार उघडल्या उघडल्या तिचा नेहमीचा प्रश्न – 'शेठ कसा आहे? काकू कशी आहे?' शेठ आजारी आहे म्हटल्यावर 'अरेरे' म्हणाली आणि सोफ्यावर बसून मोबाइल काढला. जेवताना मी तिला टाकीच्या पाण्याचं तापमान समजावून सांगितलं. ती हं हं करत होती. तेरा वर्षांच्या लेकीशी बापाने बोलायचं तरी काय? मासे आहेत म्हणून निभावतंय.

२ फेब्रुवारी

शेठला बादलीत काढला. मीठ, त्यावर निळं औषध. त्याची जोडीदारीण काकू टाकीत एकटी, काचेला तोंड लावून. बघवत नाही.

५ फेब्रुवारी

ठमीच्या आईचा फोन. आवाज गोड. 'तिचे क्लास वाढलेत रे. दर रविवारी यायला जमेलसं वाटत नाही. पंधरा मार्चपर्यंत चालू दे, मग तिलाच विचारून ठरवू. महिन्यातून एकदा चालेल ना तुला?'

चालेल ना! वेगळे झालो तेव्हा घर तिला दिलं, फर्निचर दिलं, मी चकार शब्द काढला नाही. रविवार तेवढे मागून घेतले होते. आता त्यांच्यावरही डोळा!

आणि 'तिलाच विचारून' म्हणजे काय? ठमी काही बोललीय का घरी?

६ फेब्रुवारी

कामात लक्ष नाही. दिवसभर लोकांच्या कवळ्या करायच्या आणि आपलं तोंड मात्र शिवलेलं. आज एका आजोबांच्या कवळीला सुळे उलटसुलट बसवले. मालक कवळी हातात घेऊन बघत राहिले. म्हणाले, 'यांना जेवायचंय की नातवंडांना घाबरवायचंय?' सगळे हसले. मीही हसलो. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं, कारण रडू येत होतं.

टाकी आणली त्या दिवशी ठमी काय म्हणाली होती ते आठवलं. 'पिल्लं झाली तर मी रोज येईन, बाबा!' दहा वर्षांची होती. तिच्यासाठीच तर आणले मासे. नाहीतर मला कधी साधी मांजर पाळावीशी वाटली नाही. रोज नको येऊस बाई. रविवार पुरेत. पण पिल्लं व्हायलाच हवीत – पंधरा मार्चच्या आत!

८ फेब्रुवारी, रविवार

ठमीला सांगितलं, यंदा पिल्लं काढणार. 'ओके' म्हणाली. वर हसली. आतून खूश झाली असणार, दाखवत नाही एवढंच. माझ्यावर गेलीय.

१२ फेब्रुवारी

औषध दुप्पट केलं. ठिपके जागच्या जागी. गंमत म्हणजे शेठ ठणठणीत! खातो, उड्या मारतो, बादलीबाहेरची फरशी भिजवतो. आजारी मी दिसतोय.

१४ फेब्रुवारी

कान धरून उठाबशा काढाव्यात असं झालंय.

शेठला पिशवीत घालून ॲक्वेरियमवाल्याकडे नेला. त्याने पिशवी उजेडात धरली आणि हसायलाच लागला. 'अहो साहेब, हा आजारी कुठला? हा नवरदेव आहे! नराला या दिवसांत हे ठिपके येतातच. मादीमागे धावायला तयार झाला, एवढाच त्याचा अर्थ.' गेली दोन वर्षंही असंच औषध दिलं म्हटल्यावर हसता हसता थांबला. 'आणि तुम्ही दर वर्षी नेमकं याच दिवसांत त्याला बादलीत कोंडता?'

दर वर्षी! ऐन मुहूर्तावर नवरा दवाखान्यात! ती काकू बिचारी काचेला तोंड लावून वाट बघायची आणि मी इकडे औषधाचे थेंब मोजायचो. एवढा मोठा गाढव माझ्याच घरात राहतो आणि मला पत्ता नाही.

पाण्यात सोडायला त्याने लोकरीचे झुबके करायला सांगितले. अंडी त्यांना चिकटतात. चिकटली की झुबके लगेच बाहेर, नाहीतर आईबापच खातात म्हणे. छान! आईबाप सगळीकडे सारखेच.

२२ फेब्रुवारी, रविवार

शेठ टाकीत परतलाय, पण काकूकडे ढुंकून बघत नाही. औषधाने मारलं की काय त्याचं सगळं? ठमी आली होती. तिला झुबके दाखवले. माझ्या जुन्या हिरव्या स्वेटरचे केलेत. 'हा तू मला शाळेत सोडायला यायचास तेव्हा घालायचास ना?' म्हणाली. मी म्हटलं हो, आणि अंडी कशी चिकटतात ते सांगितलं. मग तिने मोबाइल काढला.

२८ फेब्रुवारी

झालं!! सकाळपासून शेठ काकूच्या मागे, नुसती धावपळ, पाणी काचेबाहेर. मी कामावर दांडी मारली. मालकांना सांगितलं, घरात बाळंतपण आहे. खोटं नाही! दुपारी झुबक्यांवर साबुदाण्याहून बारीक, काचेसारखी अंडी. मी झुबके काढेपर्यंत दोघांनी बरीच गिळली. उरलेली टबात.

३ मार्च

निम्मी अंडी पांढरी पडली, बुरशी. कवळीचे दात घासूनपुसून ठेवायचा बारीक ब्रश कामावरून आणला, त्याने एकेक वेगळं करतोय. देवा, दहा-बारा तरी राहू देत. एक तरी.

५ मार्च

टबाच्या भिंतीला पापणीच्या केसासारखं काहीतरी चिकटलेलं. फुंकर मारली. हललं!

८ मार्च, रविवार

ठमी नाही आली. परीक्षा. तिच्या आईला म्हटलं, पिल्लं झालीत म्हणून सांग तिला. 'सांगते.' पलीकडे टीव्हीचा आवाज, मग ठमीचाही. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. पुढचा रविवार शेवटचा. नंतर 'तिलाच विचारणार'.

पिल्लं आता पोहतात. सोनेरी नाहीत, मातकट आहेत. ॲक्वेरियमवाला म्हणतो, रंग काही महिन्यांनी येतो. तोवर मी कुठे असेन आणि ठमी कुठे!

१३ मार्च

उकडलेल्या अंड्याचा बलक कपड्यातून पिळून घालतोय, एक थेंब सकाळी, एक संध्याकाळी. आज जास्त घातला. परवा ती बघणार, पोटं भरलेली दिसायला हवीत.

१४ मार्च

पाणी दुधासारखं. वास. सगळी तळाला. एकही नाही. एकही नाही!

बलक नासला. मीच घातला. माझ्याच हाताने. तिच्यासमोर जरा बरं दिसावं म्हणून! काय हा माणूस! तीन वर्षं बाप्याला औषध पाजलं आणि आठवड्याच्या पोरांना खाऊ घालून मारलं.

दुपारी पिशवी घेऊन दुकानात पळालो. 'एवढी लहान गोल्डफिश कुठून आणू, साहेब? गप्पीची पिल्लं आहेत. चालतील?' चालतील म्हणालो. घेऊन आलो. टब घासला, माशांसाठी साठवलेलं शिळं पाणी भरलं, सोडली. काही शरम आहे की नाही मला? पण तिला फरक काय कळणार? उद्याचा दिवस निघू दे, बस्स. उद्याचा एक दिवस.

१५ मार्च, रविवार

ठमीला टबाशी नेलं. ती वाकली नाही. माझ्याकडेच बघत राहिली. म्हणाली, 'बाबा, रागावू नकोस हं. मला मासे नाही आवडत. कधीच नाही आवडले. तू दुसरं काही बोलतच नाहीस, म्हणून मी विचारते रे, शेठ कसा, काकू कशी.'

गप्पीचं सांगायचं राहूनच गेलं.

चपला घालताना म्हणाली, 'आईने विचारलंय, रविवारचं काय ते. मी येते म्हटलं तर आपण नुसते बसू या का, बाबा?' मी हो म्हणालो. नुसतं बसून काय बोलायचं असतं, मला खरंच ठाऊक नाही!