बाप्तिस्म्यानंतर सास्तूरला

अण्णा,

तुमच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी मी तलावाच्या काठावर तुमचा कोरडा सदरा धरून उभी होते. नववीत होते मी. पाळकसाहेबांनी तुम्हाला पाण्याखाली घेतलं, वर काढलं, आणि तुम्ही डोळे चोळत आधी आईकडं बघितलंत. काका आले नव्हते. जळकोटात तेव्हा सगळे एकच विचारत होते, यानं असं काय केलंय? तुम्ही दारू पीत नव्हता, घरात हात उचलत नव्हता, कुणाशी तुमचं भांडण नव्हतं. टेम्पोवरच्या एका सोबत्यानं तुम्हाला प्रार्थनेला नेलं आणि तुम्ही जात राहिलात, एवढंच आम्हाला माहीत. पाण्यानं आणि आत्म्यानं माणूस नव्यानं जन्मतो, असं पाळकसाहेब सांगायचे. चांगल्या माणसाला नवा जन्म कशाला पाहिजे, हे मला काही केल्या कळत नव्हतं.

ते कळलं महिनाभरानं, एका रविवारी. भक्ती संपली होती, लोक गेले होते, मी सतरंज्या गुंडाळत होते. तुम्ही पाळकसाहेबांना दारातच थांबवलंत. मी मागं आहे हे तुम्हाला माहीत होतं का, हे मी नंतर कधी विचारलं नाही.

"साहेब, चार वर्सांमागं लोहाऱ्याच्या रस्त्याला माझ्या टेम्पोची धडक बसली एका माणसाला. मेंढरं घेऊन चालला होता. सकाळचं धुकं होतं. म्या तसाच निघून गेलो. त्याचा पाय गेला, ते मागनं कळलं. गाव ठाऊक आहे मला."

पाळकसाहेबांनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही पश्चात्ताप केलात. देवानं क्षमा केली. जुनं गेलं. आता मागं कशाला बघता?"

"देवानं केली, साहेब. पण त्या माणसाला कुणी इचारलंय का? जुनं गेलं ते माझ्यापुरतं. त्याच्या घरात ते रोज आहे." आणि पुढं तुम्ही म्हणालात, "प्रार्थनेला बसलं की आत एकच शब्द येतो. जा. दुसरं काहीच येत न्हाय. मग न जाता नुसतं गुडघ्यावर बसून काय उपयोग?"

घरी आईनं आकांत केला. लेकरांचं काय, नोकरीचं काय, आत टाकलं तर काय. तुम्ही चुलीपुढं बसून सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बरोबर आहे तुझं." पण जायचं रद्द केलं नाहीत. शेवटी आईनंच मला तुमच्याबरोबर धाडलं. पोरगी संगं असली तर जिवानिशी मारणार नाहीत, असा तिचा हिशोब.

सास्तूरला एसटीतून उतरून आपण आतल्या रस्त्यानं चालत गेलो. ते गाव मला अजून दिसतं. भूकंपानंतर बांधलेली, रांगेत उभी एकसारखी घरं, त्यामुळं तुम्हाला दोन ठिकाणी घर विचारावं लागतं. तो माणूस ओट्यावर लोकर पिंजत बसलेला आहे. कुबडी भिंतीला टेकवलेली. "बसा पाव्हणं," म्हणतो. बायको तांब्या आणून ठेवते. तुम्ही बसत नाही, पाण्याला हातही लावत नाही. उभ्यानंच सांगता.

त्या बाईनं तांब्या उचलला आणि ती आत गेली. तो मात्र ओरडला नाही. पिंजलेली लोकर बाजूला ठेवून त्यानं विचारलं, "गाडी म्होरं जाऊन थांबली होती. इंजिनाचा आवाज मला येत होता. खाली उतरला होतास का?"

मला वाटलं, तुम्ही हो म्हणाल. कुणीही म्हटलं असतं. तिथं तुम्हाला पाहणारं कोण होतं?

"न्हाय," तुम्ही म्हणालात. "आरशात बघितलं. तुमी हलत होता. तरी म्या गाडी काढली."

त्यानं कुबडी जवळ ओढली. मग म्हणाला, "आता एकच सांग. मी रस्त्याच्या मधी होतो का कडंला?"

"कडंलाच होता. माझं चाक खाली उतरलं."

तेव्हा त्याचा चेहरा बदलला. कुबडी घेऊन तो उठला. "चार वर्सं गाव म्हणतंय, हा पिऊन रस्त्यावर पडला. बायकोचा भाऊ म्हणतो, माझा पोरगा म्हणतो. मी घसा कोरडा करून सांगतोय, मी शुद्धीत होतो, कडंला होतो. चल. हे पारावर येऊन सांग."

पारावर पंधरावीस माणसं जमली. तुम्ही सांगितलंत. मागच्यांना ऐकू आलं नाही म्हणून त्यानं परत सांगायला लावलं. तिसऱ्यांदा त्यानं आपल्या पोराला पुढं उभं केलं आणि म्हणाला, "आता ह्याच्याकडं बघून सांग." तुम्ही त्या पोराच्या डोळ्यांत बघून सांगितलंत, "तुझा बाप प्यालेला नव्हता. तो कडंला होता. चूक माझी." त्या पोरानं तुमच्या तोंडात मारली. तुम्ही गाल धरला नाहीत. तिथून तुम्ही मला एसटीत बसवून दिलंत आणि एकटेच पोलीस ठाण्यात गेलात.

पुढचं लिहायला फारसं नाही. खटला चालला. कोर्टात त्या माणसानं घडलं तेवढंच सांगितलं, वाढवून नाही आणि झाकूनही नाही. तुम्ही सहा महिने आत होतात. लायसन गेलं, टेम्पो गेला, बाहेर आल्यावर तुम्ही अडतीवर पोती वाहायला लागलात. माझं सोलापूरला शिकायला जायचं तीन वर्षं पुढं ढकललं गेलं. एकदा स्वयंपाकघरात तुमचं पान वाढताना मी म्हटलं, "तुमचा नवा जन्म झाला, अण्णा, आणि आमचा होता तो मोडला." आईनं मला गप्प केलं. तुम्ही म्हणालात, "तुला लागलं, ते खरं आहे. ते मी नाकारत न्हाय." मला तुमच्याशी भांडायचं होतं. तुम्ही भांडलाच नाहीत. आज्ञा पाळणाऱ्याला त्याचा आनंद मिळतो, असं चर्चमध्ये म्हणतात. तुम्ही आनंदी दिसत होता असं मी म्हणणार नाही. पाठ दुखायची, चिडायचात, भाजीत मीठ जास्त झालं तर बोलायचात. पण रात्रीची झोप तुमची चांगली होती.

तुमच्या मातीला तो माणूस आला होता. कुबडी धरून, पोराच्या मोटारसायकलवर मागं बसून. त्यानं दोन मुठी माती टाकली, आईला रामराम केला आणि तो गेला. त्यानं तुम्हाला क्षमा केली का, हे मी विचारलं नाही. तो विचारायचा प्रश्न नव्हता.

आता मी एका ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. रविवारी मुलांना शास्त्रपाठ शिकवते, चर्चमध्ये गाणं सुरू करते. देवानं काय केलं याची साक्ष द्यायला उभी राहिले की लोक तुमचीच गोष्ट मागतात, आणि मी ती सांगते. लोक डोळे पुसतात. सगळ्यांना वाटतं, माझा बाप्तिस्मा केव्हाच झालाय. तो झालेला नाही, अण्णा. एवढ्या वर्षांत नाही. विषय निघाला की मी काहीतरी काम काढून उठते.

कारण कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते. तीन वर्षांमागं वॉर्डात माझ्या हातून एका बाईला चुकीचं इंजेक्शन गेलं. बाई वाचली. माझ्याबरोबर नवीन लागलेली एक मुलगी होती. चौकशीत सगळ्यांनी धरलं की चूक तिची. मी काही खोटं बोलले नाही. नुसती गप्प बसले. ती रडत रडत नोकरी सोडून गेली. आता लग्न होऊन उमरग्याला असते, पुन्हा नर्सिंग केलं नाही म्हणतात.

पाण्यात उतरायची मला भीती नाही. बाहेर आल्यावर आत कोणता शब्द येईल, तो मला आधीच माहीत आहे. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं, कारण तुम्ही एवढंच म्हणाला असतात की मला कशाला लिहितेस, तिला लिही. गेल्या महिन्यात मी दोनदा उमरग्याच्या गाडीत बसले. दोन्ही वेळा कंडक्टर तिकीट द्यायला येण्याआधी उतरले.