संत्र्याच्या लाकडाचं बाळ

आरेग्वा, १८ नोव्हेंबर १९३४

चि. बेनिग्नास सेनोनदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. चिपा पावांचा डबा बघून तोंडाला पाणी सुटलं, आणि उघडतो तर आत अंगठ्याएवढा बाळ येशू! म्हणजे तुझ्या लग्नात क्रिस्पुलोने कोरलेल्या नि मी रंगवलेल्या संत आंतोनियोच्या हातातलं बाळ तू काढून घेतलंस, आणि तुझा लेक रुफीनो चाकोच्या लढाईवरून परत येईपर्यंत त्याला ते देणार नाहीस. संताची अशी अडवणूक आपली आईही करायची, पण ती हरवलेल्या बकरीसाठी. घरात ठेवलं तर आपल्यालाच संताची दया येईल म्हणून माझ्याकडे धाडलंस, हे मात्र अगदी तुझ्यासारखं.

आता गंमत ऐक. ही गोष्ट गावभर झाली, आणि ज्यांची मुलं लढाईवर आहेत त्या बायका आपापल्या संतांची बाळं माझ्याकडे आणून ठेवताहेत. माझ्या रंगांच्या खणाचं पाळणाघर झालंय. क्रिस्पुलोनेही नातवासाठी, आपल्या आन्सेल्मोसाठी, एक आणून दिलं. बाकीची सगळी देवदाराची, त्याच्या घरचं तेवढं त्याच्या अंगणातल्या संत्र्याच्या लाकडाचं, हे ऐटीत सांगायला विसरला नाही. इतकी वर्षं तो कोरतो, मी रंगवतो, आणि मूर्ती नक्की कोणाची यावरून आम्ही अजून भांडतो.

सध्या मूर्ती कोण घेतंय म्हणा! लष्कराच्या दवाखान्याच्या गाड्यांवर तांबडे क्रूस रंगवतो. हात थरथरतो, पण क्रूस सरळ येतो.

कळावे. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.
तुझा दादा, सेनोन

विल्यारिका, ६ डिसेंबर १९३४

ती. दादास बेनिग्नाचा शि. सा. न. वि. वि.

थट्टा पुरे. सप्टेंबरनंतर रुफीनोची एक ओळ नाही. पोस्टमन दिसला की मी आत पळते, न जाणो काय आणलं असेल. संतासमोर उभी राहून रोज भांडते. त्याचा रिकामा हात बघून जीव तुटतो, पण हटत नाही.

एकच मागणं आहे. माझ्या बाळाला कुंचला लावू नकोस. रंग उडालेलं नाक दिसलं की तुझे हात शिवशिवतात, मला काय ठाऊक नाही? जसं घेतलं तसंच परत द्यायचं, नाहीतर नवस फुकट. क्रिस्पुलोदादांना नमस्कार सांग आणि तंबाखू कमी कर.

माया पातळ होऊ देऊ नकोस, हे मागणं.
तुझी बेनिग्ना

आरेग्वा, २० मार्च १९३५

चि. बेनिग्नास आशीर्वाद. वि. वि.

आन्सेल्मो गेला गं. तार आली त्या दिवशी क्रिस्पुलोने पटाश्या फडक्यात बांधून फळीवर टाकल्या. माझ्या संताचा हात आता रिकामाच राहील, ते बाळ जाळून टाक, असं मला म्हणाला. मी रोज त्याच्याकडे जाऊन बसतो. थंडगार माते चहाचा पेला एकमेकांच्या हातात देतो. मुद्दाम खोडी काढली तरी तो भांडत नाही. बेनी, मला रडू येतं.

आणि तू रागावशील असं मी केलंय. घरी आलो, खण उघडला, आणि हात थांबेचनात. सगळी बाळं रंगवून काढली, तुझंही. रंग वाळल्यावर बघतो तर प्रत्येकाच्या हनुवटीवर खळी! पाळण्यातला आन्सेल्मो असाच दिसायचा. आता कुठलं कोणाचं, मलाच कळत नाही. ज्याला कळेल त्या क्रिस्पुलोला विचारायचं कुठल्या तोंडाने? बायका म्हणताहेत म्हातारा चळला. तूही म्हण.

राग ओसरला की लिही.
सेनोन

विल्यारिका, २५ जुलै १९३५

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

दादा, आला! रुफीनो आला! माझे हात पिठात होते. दारात एक काळाठिक्कर, दाढी वाढलेला माणूस उभा. मी माझ्याच लेकाला कोण हवंय म्हणून विचारलं! हाडांचा सापळा झालाय, ताप येतो, पण दोन्ही पायांवर चालत आलाय.

तह झाला तो संत आंतोनियोच्या सणाच्या आदल्या दिवशी. तेव्हा तू अंदाजाने जे बाळ धाडलंस ते काल संताच्या हातात बसवायला गेले, तर त्याची खुंटी जाड, भोकात शिरेचना. रुफीनोने तळव्याखाली जरा खरवडलं आणि आतून पिवळं लाकूड निघालं. संत्र्याचं. म्हणजे हे आन्सेल्मोचं!

पहिल्यांदा वाटलं, उद्याच्या टपालाने परत करावं. पण नाही करत. माझा लेक मला मिळाला आणि क्रिस्पुलोदादांचा नातू माझ्या हातात आला, आता हे कसं परत करू? आन्सेल्मोची खळी माझ्या संताच्या कडेवर राहू दे. दोऱ्याने बांधलंय, रुफीनो रोज फूल वाहतो. माझं म्हणून जे तुझ्या खणात उरलं असेल ते क्रिस्पुलोदादांच्या संताला दे. रिकामा हात बघत जगणं काय असतं ते मी बघितलंय.

तुझ्यावरचा राग गेला. जिव्हाळा तेवढा राखावा.
बेनिग्ना

आरेग्वा, ११ ऑगस्ट १९३५

चि. बेनिग्नास आणि चि. रुफीनोस पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तहानंतर बायका आपलं समजून एकेक बाळ घेऊन गेल्या. ज्यांची मुलं येणार नाहीत त्याही घेऊन गेल्या. खणात एकच उरलं होतं. ते घेऊन क्रिस्पुलोकडे गेलो आणि तुझं पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो पाठ फिरवून बसला होता, बसूनच राहिला. मग मीच बाळ त्याच्या संताच्या हातात बसवलं. याची खुंटी बारीक, तिथलं भोक मोठं. बाळ डोकं खाली करून लोंबकळायला लागलं.

त्याने वळून पाहिलं.  मग म्हणाला, हे रंगवणारा गाढव आणि बसवणारा महागाढव. उठला आणि फळीवरचं फडकं काढलं.

अंगणातल्या संत्र्याच्या फांदीची नवी खुंटी कोरतोय. मूर्ती मी धरायची, आणि माझा हात थरथरतो म्हणून सकाळपासून माझ्यावर खेकसतोय. पत्र इथेच आवरतो, तो परत ओरडतोय.

कळावे. आमच्या दोघांवरही लोभ असू दे.
सेनोन