घोडाछापाची आजीवन हमी

२ जानेवारी, सकाळी ९
संकल्प. एक: यंदा कुणावर ओरडायचं नाही. दोन: दुकानाची हमीपत्रं नव्याने छापून घ्यायची. ‘हे नाणं अस्सल आहे. आजीवन हमी.’ खाली माझी लफ्फेदार सही. बायकोने विचारलं, आजीवन म्हणजे नक्की कुणाच्या जीवनभर? धंद्यात तिने नाक खुपसू नये. तीन: हे तिला शांतपणे सांगायचं.

९.२०
ओरडलो. संकल्प उद्यापासून.

९ जानेवारी
हमीपत्रं आली. जाड कागद, सोनेरी कडा. बाकीचे नाणेविक्रेते हमीची वेळ आली की ‘आमच्या मते’ असं पुटपुटतात. भित्रे लेकाचे! नाणं विकणाऱ्याने छातीठोक जबाबदारी घ्यायला हवी. मी घेतो, कारण माझ्याकडे बाबांचं नाणं आहे. चांदीचं घोडाछाप. शेवटच्या आजारपणात त्यांनी ते कागदी पाकिटासकट हातात ठेवलं आणि म्हणाले, प्रत्येक घोडाछाप याच्याशी ताडून बघ, आणि हे कधी विकू नकोस. अकरा वर्षं ताडतोय. घोड्याच्या कानामागे टाचणीच्या टोकाएवढा खळगा आहे. खळगा असेल तर नाणं अस्सल, नसेल तर खोटं. हे माझं मी शोधून काढलं. त्याला नजर असावी लागते.

२१ जानेवारी, दुपारी
शाळेतले मास्तर आले. सातवीत त्यांनी मला गणितात नापास केलं होतं. हे मी केव्हाच विसरलोय.
रुमालात घोडाछाप. त्यांच्या आजोबांपासून घरात आहे, आता नातीला द्यायचंय, खरं असल्याचं तेवढं लिहून हवं, असं म्हणाले. भिंगाखाली धरलं. खळगा नाही. दुकानात पाच गिऱ्हाइकं होती, म्हणून जरा मोठ्यानेच सांगितलं की खोटं आहे. मास्तर म्हणाले, पुन्हा एकदा बघ ना. मी म्हटलं, चुकलेलं उत्तर पुन्हा तपासून बरोबर होत नाही. वाक्य त्यांचंच. मजा आली.
खोटं नाणं माझ्या दुकानातून साबूत बाहेर जात नाही. पत्रा कापायची कात्री घेतली. ते राहू दे, राहू दे म्हणत होते, तोवर दोन तुकडे झालेसुद्धा. फसवणूक पुढे जाऊ नये म्हणून, असं समजावलं. त्यांना रुमालाची गाठ काही केल्या मारता येईना. वय झालंय.

५ फेब्रुवारी
चष्मेवाल्या संग्राहकाने एकदम तीन घोडाछाप घेतली. तीन हमीपत्रं, तीन सह्या. आतापर्यंत अशी एकतीस विकली. माल आणणारा माणूस अतिशय सभ्य. कुठून आणतो ते मी विचारत नाही. धंदा विश्वासावर चालतो. खळगा प्रत्येकावर, तोच, तिथेच. त्या काळची टांकसाळ किती काटेकोर होती!

१९ फेब्रुवारी, सकाळी
संग्रहालयाचं पत्र. चष्मेवाल्याने तिन्ही नाणी तिथे दाखवली म्हणे. ती एकाच साच्यात ओतलेली, खोटी. तोच खळगा तिन्हींवर असणं हाच पुरावा. पुढे असंही की मास्तरांनी तिथे नेलेले दोन तुकडे अस्सल आहेत आणि असं दुसरं नाणं अजून सापडलेलं नाही. ‘अखंड असतं तर...’ असं काहीतरी लिहिलंय. पुढचं वाचलं नाही. कडक उत्तर लिहायला घेतलं. सुरुवात: ‘आपल्या अज्ञानाची कीव येते.’

त्याच दिवशी, दुपारी
जेवताना बाबांचं नाणं आईपुढे ठेवलं. म्हटलं, साक्ष दे. आईने घास गिळला आणि म्हणाली, हे तर खोटं. तुझ्या बाबांना एकाने फसवलं होतं. तेव्हापासून खोटी ओळखायला ठेवलं होतं त्यांनी. खळगा दिसला की माणसाला दारातूनच परत पाठवायचे. तुला माहीत असेल असं मला वाटलं.
बायकोने माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

२० फेब्रुवारी
आई एक्याऐंशी वर्षांची आहे. त्या स्मरणशक्तीवर किती विसंबायचं?

२१ फेब्रुवारी
बाबांचं पाकीट आज पहिल्यांदा आतून पाहिलं. पेन्सिलीने लिहिलंय, ‘खोटं. खळगा पाहावा.’ बाबांचं अक्षर कधीच स्पष्ट नव्हतं.

२ मार्च
दुकान उघडायच्या आधीच दाराशी माणसं. प्रत्येकाच्या हातात सोनेरी कडेचा कागद. सगळ्यांनी आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली. चष्मेवाल्याने तर रक्तदाबही विचारला. भरून आलं. आपली जीवनभराची हमी असली की लोक आपल्याला इतकं जपतात!

९ मार्च, संध्याकाळी
मास्तर आले. रुमाल सोडून दोन तुकडे काउंटरवर ठेवले. नातीला द्यायचंय, एवढंच पुन्हा म्हणाले. त्यांनी मागायच्या आत मी सगळ्यात चांगला कागद काढला. ‘हे नाणं अस्सल आहे. आजीवन हमी.’ सही केली. इतकी मनापासून सही आजवर केली नव्हती.
त्यांनी ते दोनदा वाचलं. मग कात्री मागितली. मास्तरांनी मागितली म्हणून दिली, जुनी सवय. कागद बरोबर मधोमध कापला, सहीतून. फसवणूक पुढे जाऊ नये म्हणून, असं अगदी शांतपणे म्हणाले. कागदाचे तुकडे माझ्यापुढे सरकवले, नाण्याचे रुमालात ठेवले. गाठ या वेळी एका झटक्यात बसली.
दुकानात चार गिऱ्हाइकं होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.