एका लेबलच्या दोन डिस्क

३ तारीख, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस छान गेला. कॉलेज अर्धवट सोडलेल्याला संगणक कक्षात घेतात, यावर ताईचा विश्वासच बसेना. म्हणाली, फरशी पुसायला ठेवलं असेल, नीट विचारून ये. कक्षात एक मोठं यंत्र आहे. त्याच्या पोटात, नुसत्या सॉफ्टवेअरचं, दुसरं यंत्र चालतं. त्या आतल्याला वाटतं आपणच खरे. बदल आधी आतल्यावर करून पाहायचे. माझं काम एवढंच: बाहेरच्या डिस्कची नक्कल आतल्याला द्यायची आणि नकलेचं लेबल ताबडतोब बदलायचं. साहेबांनी बजावलं, एका लेबलच्या दोन डिस्क असल्या तर यंत्र सुरू होताना आधी सापडेल ती घेतं आणि दुसरी बाजूला टाकतं. खरी कुठली, हे ते बघत नाही.

६ तारीख, गुरुवार
अकरा नकला केल्या. प्रत्येक नवं लेबल, म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे, वहीत लिहिलं, दोनदा वाचलं, मग खूण केली. साहेब म्हणाले, अरे, लग्नाच्या याद्याही कुणी इतक्या तपासत नाही. बरं वाटलं.

१० तारीख, सोमवार
चूक झाली. नव्या भरतीच्या माणसांची नोंद असलेल्या डिस्कची नक्कल केली आणि तेवढ्यात आईचा फोन आला. लेबल बदलायचं राहून गेलं. दुपारी यंत्र बंद करून सुरू केलं, तर त्याने नक्कल उचलली. खरी बाजूला पडली. तिच्यावर नोंद एकच आहे, माझी. साहेबांना सांगितलं नाही. दुसऱ्या आठवड्यातच घरी बसायची वेळ यायची. उद्या गुपचूप दुरुस्त करीन.

११ तारीख, मंगळवार
हजेरीत माझी सही आधीच होती. अक्षर माझंच. घरी गेलो तर ताई चिडली, आताच जेवलास ना, पोटात काय विहीर आहे का? ओट्यावर माझं ताट धुऊन पालथं घातलेलं होतं.

१२ तारीख, बुधवार
शेवटी साहेबांना सगळं कबूल केलं. त्यांनी मान वर न करता म्हटलं, सकाळीच सांगितलंस की. प्रामाणिक आहेस म्हणून माफ केलं. आता ती बाजूला पडलेली डिस्क आहे ना, तिचं लेबल बदलून टाक, म्हणजे मिटलं.
मी सकाळी त्यांच्याकडे गेलोच नव्हतो.

१३ तारीख, गुरुवार
काचेतून पाहिलं. माझ्या खुर्चीत — पाठमोरा. वही उघडी. लिहिलं, दोनदा वाचलं, खूण केली.
मी काचेवर थापा मारल्या. कुणी वळलं नाही.

तोच दिवस, संध्याकाळ
घराची बेल वाजवली. ताईने आतून विचारलं, कोण आहे. मी नाव सांगायला गेलो — तोंडातून कसलीतरी अक्षरं आणि आकडे आले. ती म्हणाली, असं इथे कुणी राहत नाही. आत आई कुणाला तरी वाढत होती. कुणीतरी हसलं. माझंच हसू.
पायरीवर बसून लिहितो आहे. नाव आठवत नाही. नसू दे. नातं तर आठवतं. तेच दारातून सांगतो. ताई, मी तुझा —