हत्ती कुळातली भाची

ग्वेरू, ३ जानेवारी
ती. सेकाई आत्यास,
रुवाचा शि. सा. न. वि. वि.
तू मेट्रन होतीस, म्हणून तुलाच विचारते. आमच्या मनोरुग्ण विभागातल्या माझ्या एका पेशंट मुलीला माणूस एक तर देव वाटतो, नाही तर दुष्ट. आधीच्या सगळ्या नर्स दुष्ट ठरल्या, सध्या मी देव आहे. पहिल्याच भेटीत रीतीप्रमाणे तिनं कुळ आणि गाव विचारलं, मीही कुळ आणि आपलं शुरुग्वी सांगून बसले. ती निघाली आपल्याच हत्ती कुळातली! तेव्हापासून मी तिची आत्या. हंगाम म्हणून ती आंबे आणते, सुट्टीच्या दिवशीही फोन करते. मी पाघळले तर तिला दुसरीकडे सोपवतील, आणि आता आणखी कुणी सोडलं तर ती उपचारच सोडेल. भीती वाटते गं.
लोभ आहेच, तो आटवू नकोस.
तुझी रुवा

शुरुग्वी, ९ जानेवारी
चि. रुवास अ. आ.
अगं शहाणे, कुळ सांगितलंस ते सांगितलंस, गावही? ऐक. वेळ ठरलेली, खुर्ची ठरलेली, आंबे परत. रडली म्हणून वेळ वाढवायची नाही. मला आजवर कुणी गुंडाळू शकलं नाही, ते उगाच नाही.
बाकी मजेत. परवापासून मेमरी नावाची गोड पोर येते. आपल्याच कुळातली, मग दारातून परत कशी पाठवू? शेंगा सोलते, पाय चेपते, म्हणते अख्ख्या देशात मलाच तिचं दुःख कळतं. कळतंच मला! तिची कुणी नर्स आहे, सुट्टीच्या दिवशी फोन घेईनाशी झालीय, अगदी दगड. गुरुवारी तिच्याकडे जाऊच नकोस, असं सांगितलंय मी.
माया आहेच.
तुझी आत्या

ग्वेरू, १३ जानेवारी
ती. आत्यास शि. सा. न.
मेमरी नावाच्या कुणाला मी ओळखते की नाही, हे सांगता येत नाही. का, ते मेट्रनबाईंना कळेल. कळलं? आता जरा खाली बस. गुरुवारी दहाला तिला जिथं जायचं असेल, तिथं जाऊ दे. मी माझ्या खुर्चीत असेन.
पाय कसे आहेत? चेपून बरे वाटत असतील.
लोभ राहू दे, गरज आहे.
रुवा

शुरुग्वी, २० जानेवारी
चि. रुवास अ. आ.
हसलीस ना पोटभर? बुधवारी मी तिला म्हटलं, मी आत्या आहे, दवाखाना नाही. रविवारी चर्चनंतर जेवायला ये, पण उद्या नर्सकडे जा. झालं! एका क्षणात मी चेटकीण. शेंगांची टोपली उधळली, माझ्या कोंबड्यांनाही शिव्या घातल्या आणि गेली. मी रडले गं.
काल आंबे घेऊन आली. जेवली. निघताना फाटकाशी म्हणाली, नर्स दगड ती दगडच, आंब्याला हात लावत नाही. पण मागच्या वेळी तिच्याशी इतकी भांडून गेले तरी त्याच खुर्चीत बसलेली होती, पुढच्या गुरुवारीही असेल म्हणाली.
मी तिला काही विचारलं नाही. तूही मला काही सांगू नकोस.
आंबे मात्र मी ठेवून घेतले.
तुझी, गुंडाळली गेलेली आत्या