आवाज दाबणारी पेटी

१२ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनी म्हणते, तुझ्या घरात माणसांपेक्षा जुने कॉम्प्युटरच जास्त झालेत. आज त्या भंगाराचं सोनं कर. बाबांच्या जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या रिबनीच्या पार चिंध्या झाल्यात आणि कागद ओढणारं दातेरी चाक तुटलंय. दुकानात विचारलं, तर तो माणूस भूत बघितल्यासारखा माझ्याकडे बघायला लागला.

हसू नकोस. बाबा गेले हे आईच्या ध्यानातच राहत नाही. हे कुठे गेले म्हणत दिवसभर दारात उभी असते. आतल्या खोलीत प्रिंटर करकरायला लागला की मात्र शांत होते. हे कामात आहेत म्हणते आणि चार घास खाते. तिला खरं सांगायचा धीर मला होत नाही रे. लवकर पाठव.

तुझा लोभ असतोच, या वेळी तो पार्सलने येऊ दे.

तुझी धाकटी


२० जुलै

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

रिबन आणि चाक पाठवतोय. रिबनशिवाय मशीन चालवू नकोस, आतल्या सुया खराब होतात. सोबत प्रिंटरवर ठेवायची आवाज दाबणारी पेटी आहे. आठवते ना? आईच्या कटकटीला वैतागून बाबांनीच ती आणली होती, पुढे माझ्या भंगारात येऊन पडली. दिवसभर करकर ऐकून तुझं डोकं उठत असेल. ही ठेव आणि जरा पडत जा. आईला पुसट ऐकू येईलच, तिला तेवढं पुरे. तिला जे वाटतंय ते वाटू दे. सुट्टीचं बघतो, पण एवढ्यात जमेलसं दिसत नाही.

आईला नमस्कार, तुला उदंड माया.

दादा


२ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चाक झकास बसलं. परवा डोकं ठणकत होतं म्हणून पेटी ठेवली आणि जरा आडवी झाले. आवाज अगदीच दबला. आईला वाटलं, ह्यांचं काम उरकलं. कित्येक महिन्यांनी तिने स्वतः चहा केला आणि दोन कप घेऊन आत गेली.

कप फुटल्याचा आवाज आला तशी मी धावले. मशीन आपलं आपण चाललं होतं आणि ती रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. मला विचारलं, हे गेले ना गं? मी हो म्हटलं. मग ती जी रडली दादा, बाबा गेले त्या दिवशीही अशी रडली नव्हती.

वाटलं, चला, कळलं तरी एकदाचं. पण काल सकाळी पुन्हा दारात. मी घाईघाईने प्रिंटर लावला, तर म्हणाली, बंद कर तो, तिथे कोणी नसतं. तेवढंच नेमकं लक्षात राहिलंय तिच्या. हे कुठे गेले, ते मात्र पुन्हा विचारते. मी सांगते आणि ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी कोसळते. आजही तेच झालं.

तुझ्यावर राग नाही, अगदी शपथ. पेटी तू मायेनेच पाठवलीस. पण आता काही पाठवू नकोस, तू ये. रोज सकाळी तिला हे सांगायला मी एकटी पुरत नाही रे.

वाट बघते.

तुझी धाकटी