उजव्या हाताची इंदुबाई

मुर्धा, भाईंदर पश्चिम
१२ जानेवारी २०२६

प्रिय निकेत,

काल, रविवार ११ जानेवारीला, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, तुमच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये तू माझ्या आईचा हात बदललेला मी पाहिला. घड्याळ मुद्दाम बघून ठेवलं. आई शेजारीच व्हीलचेअरवर होती. ‘प्रिय’ लिहिलंय ते शाळेत नन्सनी तक्रारीचं पत्रही प्रियनेच सुरू करायला शिकवलं म्हणून. त्यातून दुसरा अर्थ काढू नकोस.

आधी कौतुकाचं उरकून घेते. फोटोग्राफी शिकवणाऱ्याने स्वतःचं कामही लोकांपुढे मांडावं, हे तुला मीच सांगत आले, तू माझा विद्यार्थी होतास तेव्हा आणि माझ्याच जागेवर शिकवायला लागलास तेव्हाही. मांडायला आधी काम असावं लागतं, एवढं सांगायचं राहून गेलं. ‘शिक्षकांची नजर’ असं भारदस्त नाव देऊन तुम्ही चार शिक्षकांनी कबुतरं, गंजलेल्या कड्या आणि कुणाकुणाच्या सुरकुत्या टांगल्या आहेत. तुझा वरसाव्याचा पूल धुक्यात आहे हे बरंच झालं. जेवढा दिसतोय तेवढाही जास्त वाटतो. एखाद्या मुलाने हाच फोटो असाइनमेंट म्हणून दिला असता तर तू त्याला दहापैकी चार दिले असतेस, आणि मी म्हटलं असतं, सढळ हात आहे तुझा.

प्रदर्शनात लावायला मी काढलेला एक फोटो मागायला तू घरी आलास, चहा घेतलास, निगेटिव्ह नेलीस. तो फोटो काय आहे ते तेव्हा सांगितलं नाही, ही माझी चूक. आता ऐक. माझी आई इंदुबाई डावखुरी. लग्न होऊन मुर्ध्याला आली तेव्हा माझ्या आजीने पहिल्याच जेवणाला तिचा डावा हात पदराने कमरेला बांधला. पुढे बांधायची गरज राहिली नाही, ती स्वतःच तो मांडीखाली दाबून बसायची. मी लहानपणी समजायचे की सगळ्यांच्या आया असंच जेवतात. मिठागरावर मात्र सासू नव्हती. दुपारी बांधावर बसून ती डाव्या हाताने भाकरी मोडायची आणि डाव्याच हाताने खायची, आरामात, पाय पसरून. १९८३ साली माझ्याकडे पहिला कॅमेरा आला तेव्हा मी तो एकच फोटो तिला न विचारता काढला. शटरचा आवाज ऐकून तिने मान वर केली आणि मी जिवंत आहे तोवर कुणाला दाखवू नकोस म्हणून सांगितलं. मी बेचाळीस वर्षं दाखवला नाही. तुझं प्रदर्शन ठरलं तेव्हा तिला पुन्हा विचारलं. अठ्ठ्याऐंशी वय. म्हणाली, “लाव आता. बोलायला कोन हाय?”

आणि तू तो उलटा छापलास, डाव्याचं उजवं करून. चुकून झालं असेल म्हणून मी तुला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, तर तू अभिमानाने सांगितलंस की तुझ्या पुलाशेजारी लावल्यावर बाई भिंतीबाहेर बघत होती, म्हणून फिरवला. “मॅडम, आता बघा, नजर कशी आतमध्ये येते. तुम्हीच तर शिकवलंत.” म्हणजे माझ्या आईने भाकरी खाता खाता तुझ्या पुलाकडे बघावं, एवढ्यासाठी तिचा हात गेला. तिच्या नाकातली फुली उजवीकडे सरकली तरी तुम्हा चौघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. नाव तू शिक्षकांची नजर ठेवलंस. खाली माझं नाव मात्र शुद्ध लिहिलंस, वर्षासकट. त्यापेक्षा फोटो चोरला असतास तर परवडलं असतं. चोर निदान वस्तू आहे तशी नेतो.

तू फोन केलास, मेसेज केलास की नवी प्रिंट लावतो, त्यात काय एवढं. लाव. प्रदर्शन रविवारपर्यंत आहे आणि ते तुझं कामच आहे, उपकार नाहीत. पण प्रिंटसाठी मी कागद-पेन घेऊन बसले नसते.

तुझ्याशी बोलून मी आईकडे परत गेले तेव्हा ती फोटोकडे बघत होती. मोतीबिंदू काढल्यापासून तिला लांबचं स्वच्छ दिसतं. मला वाटलं, चिडेल. तिने माझा हात धरला, थोपटला आणि म्हणाली, “बरा केलास गो बाय, हात सरल केलास. माजी लाज राखलीस.” तिला वाटतंय की हे मी केलं. घरात सगळ्यांना जे वाटायचं तेच मलाही आतून वाटत होतं, आणि चारचौघांत लावायची वेळ आली तेव्हा मीही तिचा हात लपवला, असं तिने धरलंय. कालपासून तीनदा समजावलं. ती हसते आणि म्हणते, असू दे. माझ्यावर तिचा विश्वास बसत नाहीये, निकेत. तेव्हा मला तुझं स्पष्टीकरण नको. पत्र श्रीमती इंदुबाई केणी यांच्या नावे लिही. मोठ्या अक्षरात लिही, ती अक्षर अक्षर जुळवून वाचते, आणि त्यात कंपोझिशन हा शब्द नको. लिही की हात मी बदलला, तुमच्या मुलीने नाही, तिने तो डावाच लावायला दिला होता. खाली सही कर आणि शुक्रवार, १६ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत मुर्ध्याला येऊन तिच्या हातात दे. ती कुठला हात पुढे करते ते बघ आणि त्यातच दे.

तोवर तुझीच,
आनंदी केणी